मागच्या चाकाची नळी

वाहनांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात ते किती पळते, किती ओढते आणि किती तेल पिते याचा हिशेब असतो. ते कसे थांबते याची चौकशी क्वचितच होते. जुनी जीप विकत घेणाऱ्या माणसाला मी इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकताना पाहिले आहे, टायरची नक्षी बोटाने चाचपताना पाहिले आहे. पण गाडीखाली वाकून मागच्या आसावरून जाणारी ब्रेकची नळी पाहणारा ग्राहक माझ्या पाहण्यात फारसा नाही. ही नळी पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. तिचा बाहेरचा व्यास एका इंचाचा तीन-सोळांश भाग, म्हणजे सुमारे पावणेपाच मिलिमीटर. गाडी धुताना तिच्यावर पाणी पडले तर पडले, एरवी तिच्याकडे कोणी पाहत नाही.

आणि तरीही गाडीत बसलेल्या सर्वांचा भरवसा तिच्यावर असतो. चालक पेडलवर पाय ठेवतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि समोरच्या तेलावर दाब आणतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी आणलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याचा यासंबंधीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, प्रसिद्ध झाला. मोटारींनी हे तत्त्व आपलेसे करायला १९२० चे दशक उजाडावे लागले. त्यापूर्वी ब्रेक दांड्यांनी वा तारांनी ओढले जात, आणि चारही चाकांवर सारखी ओढ बसणे हा बराचसा नशिबाचा भाग असे. तेलाने तो प्रश्न सोडवला.

थोडे आकडे मांडले तर या नळीवरचा भार ध्यानात येईल. समजा, चालकाने तीस किलोचा जोर दिला. पेडलच्या लांब दांड्यामुळे तो सहापट होऊन दट्ट्यावर एकशे ऐंशी किलो झाला. दट्ट्याचा व्यास एक इंच असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे पाच चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पस्तीस-छत्तीस किलोचा दाब आला. जीपच्या टायरमध्ये हवा भरतात ती साधारण दोन किलोच्या दाबाने. ब्रेकची बारीक नळी त्याच्या सतरा-अठरा पट दाब सोसते. तोही दिवसातून शेकडो वेळा, चिखलातून, धुळीतून आणि खड्ड्यांतून जाताना.

आमच्या मराठवाड्यात जीपला एक वेगळे स्थान होते. विलीज नमुन्याच्या जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवल्या जाऊ लागल्या आणि पुढील काही दशकांत तहसील, पाटबंधारे, आरोग्य अशा खात्यांतून त्या खेडोपाडी पोहोचल्या. नांदेड-लातूरकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि पावसाळ्यात तिचा असा चिखल होतो की बैलगाडीचे चाक आऱ्यांपर्यंत रुतावे. अशा वाटेवर चारही चाकांना ओढ देणारे वाहनच चालते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा, या तालुक्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर जो पाऊस लागला, त्यात मदतीच्या मोटारी रस्त्याकडेला रुतून बसल्या आणि जीप तेवढ्या पुढे सरकत राहिल्या. ते ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनात त्या ओबडधोबड वाहनाविषयी जिव्हाळा राहिला तर नवल नाही.

त्यांपैकी मी एक. पुढच्या वर्षी आमच्या लहानशा संस्थेने सरकारी लिलावातून १९७६ सालची एक पेट्रोल जीप घेतली. खेड्यांतील रुग्णांना शहरातील दवाखान्यात नेणे व परत आणणे हे तिचे मुख्य काम, आणि ती चालवणे हे माझे. तिने नऊ वर्षे विनातक्रार सेवा केली.

२००३ सालच्या ऑगस्टमधील गोष्ट. नांदेडला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेले पाच वृद्ध चाकूर तालुक्यातील त्यांच्या गावी परत न्यायचे होते. दोन आजोबा आणि तीन आज्या. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याला जेमतेम उजेड-अंधार कळणारा. सोबत आमच्या परिचारिका ताई. धक्के बसू देऊ नका, रात्री वेळेवर थेंब घाला, अशी डॉक्टरांची सूचना होती. लोहा गेले, खंडोबाच्या यात्रेचे माळेगाव गेले, माळाकोळीही मागे पडली. बालाघाटच्या चढउतारांचा तो रस्ता तेव्हा अरुंद होता. एका उतारावर समोरून उसाची रिकामी बैलगाडी येताना दिसली म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि पेडल कसलाही विरोध न करता थेट तळाला जाऊन टेकले.

हवा शिरली असेल तर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल थोडे वर येते. ते आले नाही. म्हणजे तेल कोठून तरी वाहून गेले होते. मी गिअर खाली आणला. इंजिनाने गाडीला मागे खेचल्याचे जाणवले. मग हातब्रेक थोडा थोडा ओढत गेलो. या जुन्या जीपचा हातब्रेक मागच्या चाकांवर नसतो. गिअरपेटीमागून निघून मागच्या आसाकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर त्याचा स्वतंत्र ड्रम असतो, आणि त्याचा तेलाशी काही संबंध नसतो. तो एकदम ओढला तर दांड्याला हिसका बसतो. बेताने ओढला तर गाडी थांबते. बैलगाडी आमच्या उजव्या बाजूने निघून गेली. जीप बाभळीखालच्या मुरुमावर जाऊन थांबली.

मागे काहीच गडबड नव्हती. ज्यांना दिसत नव्हते, त्यांना काय घडले हेही कळले नव्हते. एक आजी तेवढ्या म्हणाल्या, "आलं का गाव?"

मी खाली उतरून पाहिले. आसाच्या मधोमध पितळेची एक तिकाटणी असते. लवचीक रबरी नळीतून आलेले तेल तिथून डाव्या आणि उजव्या चाकाकडे दोन पोलादी नळ्यांतून वाटले जाते. डावी नळी तिला आसाशी जखडणाऱ्या पत्र्याच्या पट्टीखालीच तुटली होती. पट्टीमागे काळ्या मातीचा गोळा वर्षानुवर्षे बसून दगडासारखा झाला होता. ही माती ओल धरून ठेवते, आणि ती ओल पोलाद खात राहते. वरून नळी काळी व धड दिसत होती. पट्टीच्या आत तिचा कागद झाला होता.

एका मालमोटारीचा चालक मदतीला थांबला. अनुभवी माणूस होता. त्याने खाली पाहून लगेच उपाय सांगितला : तुटलेली नळी तिकाटणीजवळ दुमडायची, हातोडीने ठोकून चपटी करायची, वरून तेल भरायचे आणि पुढच्या चाकांच्या ब्रेकवर गाडी न्यायची. "आम्ही शंभरदा केलंय साहेब, अर्ध्या तासात निघाल." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. हा उपाय आपल्या रस्त्यांवर सर्रास चालतो आणि बहुतेक वेळा निभावतोही. सायंकाळचे पाच वाजले होते, आभाळ भरून आले होते, आणि थेंबांची वेळ जवळ येत होती. ताई माझ्याकडे पाहत होत्या.

मी जे मनात मोजले ते असे. या जुन्या जीपमध्ये तेलाचे मंडल एकच असते. चारही चाके एकाच सिलिंडरवर अवलंबून. म्हणूनच मागची एक नळी तुटताच पुढचे धडधाकट ब्रेकही गेले होते. ठोकून चपटी केलेली नळी हे त्या मंडलाचे नवे टोक ठरणार, आणि प्रत्येक वेळी ब्रेक लावताना पस्तीस किलोचा दाब तिचे दुमडलेले तोंड उघडू पाहणार. ते उघडले तर पुन्हा सगळेच गेले. शिवाय सहा माणसे मागच्या बाकांवर बसलेली, म्हणजे भार मागच्या आसावर. रिकाम्या गाडीत थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. मागे भरलेल्या गाडीत मागच्या चाकांचा वाटा वाढतो, आणि नेमकी तीच चाके निकामी असणार. पुढे अजून उतार होते.

मी ताईंना हे सांगितले. आजोबांपैकी एक ऐकत होते. ते म्हणाले, "आम्ही येष्टीनं जातो बाबा. तुम्ही गाडीचं बघा." लातूरकडे जाणारी एस.टी. आली ती गच्च भरलेली. पण पट्ट्या बांधलेले पाच डोळे पाहून वाहकाने काही न विचारता पुढच्या दोन बाकांवरील तरुणांना उठवले, आणि चालकाने ती गाडी अहमदपूरपर्यंत इतकी सांभाळून नेली की ताई नंतर कित्येक दिवस त्याची आठवण काढत. अहमदपुरात एका आजींची भाची होती. त्या रात्री सर्वजण तिच्याकडे राहिले. थेंब वेळेवर पडले.

ताईंनी बसस्थानकाजवळच्या एका मिस्त्रींना निरोप दिला. ते अंधार पडता पडता मोटारसायकलवर आले. साठीकडे झुकलेले, कमी बोलणारे, हाताच्या रेषांत काळे तेल कायमचे बसलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी टॉर्च लावून नळी पाहिली, तिकाटणी पाहिली, आणि मालमोटारवाल्याने सुचविले होते तेच केले : नळी दुमडून ठोकली. मग म्हणाले, "आता हिच्यात तुम्ही अन मी. तिसरं माणूस नको. पहिल्या गिअरात." आम्ही सायकलवाला ओलांडून जाईल अशा गतीने अहमदपूर गाठले. तोच उपाय माणसांनी भरलेल्या गाडीला वर्ज्य आणि रिकाम्या गाडीला मिस्त्रीच्या दारापर्यंत क्षम्य, हा भेद त्यांनी एका वाक्यात केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झाले. ते मी शेजारी बसून अथपासून इतिपर्यंत पाहिले, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो.

पुढच्या चाकांना दगड लावून गाडी मागून उचलली आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकवली. जॅकच्या भरवशावर चाचा गाडीखाली गेले नाहीत. तुटलेल्या नळीचे नट गंजाने धरले होते. साधा पाना लावून जोर केला असता तर नटाचे कोन झिजून गोल झाले असते. त्यांनी नळी नटाला लागूनच कापून टाकली. ती जायचीच होती. त्यामुळे नटावर बंद तोंडाचा पाना बसला, आणि सहा बाजूंनी धरल्यावर तो मुकाट्याने सुटला.

मग त्यांनी उजवी नळी पाहिली आणि जीभ टाळूला लावून आवाज केला. ती तांब्याची होती. जीप आमच्याकडे येण्यापूर्वीच कोणीतरी ती बसवली असावी. तांबे हाताने सहज वळते, गंजत नाही, म्हणून ते सोयीचे वाटते. पण सततच्या कंपनाने ते कडक होत जाते, आणि एक दिवस तोंडाशी चिरते. ब्रेकसाठी पोलादी पत्रा दुहेरी गुंडाळून, आतून तांब्याने झाळलेली नळी लागते. ती ताकदवान असते, आणि म्हणूनच तिला नीट घडवायला हत्यार आणि वेळ लागतो. "ही बी काढायची," चाचा म्हणाले. मी विचारले, ती अजून धड आहे ना? ते म्हणाले, "डावी कालपत्तर धडच व्हती की." रबरी नळीही त्यांनी वाकवून दाखवली; तिच्यावर बारीक भेगा पडल्या होत्या. तीही बदलायची ठरली.

जुन्या नळीच्या वळणांवरून त्यांनी सुतळी फिरवली, ती सरळ करून लांबी घेतली, आणि तोंडे दुमडण्यासाठी थोडी जास्त धरली. नवी नळी चाकाच्या कटरने कापली. करवतीने कापली तर भुसा आत राहतो आणि पुढे व्हील सिलिंडरचे रबर कापतो. कापल्यावर कडा आतून खरवडून स्पिरिटने धुतली. हाताखालच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे त्यांनी एक टोक दिले. त्याने ते फार सुबक घडवले. फक्त तोंड दुमडण्याआधी नळीत नट ओवायचा राहिला. दोन्ही टोके तयार, आणि एक नट बाहेर. मुलगा पांढराफटक पडला. चाचांनी ती नळी हातात घेऊन उजेडात पाहिली, "तोंड बेस झालंय" एवढेच म्हणाले, आणि दुसरा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. मी सायंकाळची घाई सांगू लागलो तर माझ्याकडे वळून म्हणाले, "घाई कशाला करूलालाव? बरुबर व्हऊ द्या."

तोंड दुमडण्याचे काम दोन टप्प्यांत होते. नळी दोन पट्ट्यांच्या पकडीत घट्ट धरतात. आधी एका बोंडाने तिची कड आत वळवतात, आणि मग शंकूच्या दाबाने ती वळलेली कड स्वतःवरच दुमडून बसवतात. अशा दुहेरी ओठाचे तोंड पितळेच्या बैठकीवर नीट बसते आणि चिरत नाही. एकेरी तोंड पटकन होते, पण ब्रेकच्या दाबाला ते टिकत नाही. प्रत्येक तोंडावरून चाचांनी अंगठ्याचे पेर फिरवले. नजरेपेक्षा त्यांचा त्यावर अधिक विश्वास असावा. वळणे एका जाड पाइपाभोवती हळूहळू दिली, कोठेही घडी पडू न देता. नट आधी बोटांनी पूर्ण फिरवले आणि मगच पान्याने आवळले, कारण आटे तिरके बसले तर तिकाटणीच वाया जाते. पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालून नळी जखडली. सोडली तर ती हलून झिजते, नुसती जखडली तर पट्टी तिला खाते.

शेवटी हवा काढणे. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पायाचा जोर त्याला दाबण्यातच खर्ची पडतो आणि पेडल स्पंजासारखे लागते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे म्हणून मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात झाली. मुलगा पेडलवर, चाचा खाली, मध्ये काचेच्या बाटलीत बुडवलेली पारदर्शक नळी. "दाब. धर. सोड." प्रत्येक चाकाला हे चालले, बुडबुडे बंद होईपर्यंत. तेल सीलबंद डब्यातले नवे वापरले. बाटलीत आलेले पुन्हा ओतले नाही. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते. नेहमीच्या प्रतीचे कोरडे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर तापलेल्या ड्रममध्ये ते उकळले तर त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. ती ओल नळीला आतूनही गंजवते.

मग चाचांनी मला पेडल सर्व जोराने दाबून धरायला लावले आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद लावून पाहिला. तो चारही ठिकाणी कोरडा निघाला. त्यांच्या हिशेबाच्या चिठ्ठीत नळ्या, रबरी नळी, तेल आणि मजुरी होती. मुलाच्या हातून वाया गेलेली नळी नव्हती. मी ती धरायला सांगितली तेव्हा ते म्हणाले, "ती त्याच्या शिक्षणाची."

या प्रसंगात मला गाडी बांधणाऱ्यांचा दोष दिसत नाही. सत्तावीस वर्षे चिखलात राबलेल्या पोलादाने आणखी किती टिकावे? पण एकाच मंडलाचा ब्रेक ही त्या काळच्या वाहनांची मर्यादा होती हे खरे. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रवासी मोटारींना दुहेरी मंडल सक्तीचे झाले. एक बाजू फुटली तरी दुसरी काही चाके धरते. आपल्याकडेही पुढे ती रचना रूढ झाली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी पायाने चालणारा आणि गाडी उभी ठेवणारा असे दोन स्वतंत्र ब्रेक असावेत असे सांगितले आहे. आमच्या त्या उतारावर दुसऱ्याचा उपयोग झाला, तो तेलापासून स्वतंत्र होता म्हणूनच. पण हातब्रेक ढिला पडला तर कितीजण तो त्याच आठवड्यात कसून घेतात?

किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत अभियंते गावोगाव एक गोष्ट समजावून सांगत. आपल्या दगडमातीच्या भिंती हात-दोन हात रुंद होत्या, पण त्यांचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांशी बांधलेले नव्हते. म्हणून त्या रुंद भिंती फुटून पडल्या. भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड घाला, चारही भिंतींना बांधणारा पट्टा घाला, असे त्यांचे सांगणे असे. गिलावा झाल्यावर जोडदगड दिसत नाही, आणि घर पाहायला आलेला पाहुणा त्याचे कौतुक करत नाही. चाचांच्या गॅरेजमध्ये बसलो असताना मला ते अभियंते आठवले होते. पट्टीखालचा ट्यूबचा तुकडाही कोणाला दिसणार नव्हता. त्यांनी तो घातला नसता तरी मला कधी कळले नसते.

त्या दिवशी दुपारी आम्ही भाचीच्या घरून पाचही वृद्धांना घेतले आणि चाकूरकडे निघालो. आजी पुढच्या बाकावर बसल्या होत्या. मी गावाबाहेर पडताच दोनदा ब्रेक लावून पाहिला. त्यांनी विचारले, "पुन्हा काय झालं?" मी म्हटले, "काही नाही आजी, बघत होतो." "बघ बाबा," त्या म्हणाल्या, "तुला दिसतंय तर बघ."

आता तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे आणि मी गाडी चालवणे सोडले आहे. जुन्या जीपची हौस मात्र तरुणांत पुन्हा वाढलेली दिसते. कोणी लातूरहून, कोणी नांदेडहून सल्ल्याला येतो; मोठे टायर, नवा रंग, पुढचे दिवे यांविषयी विचारतो. मी त्याला एक सतरंजी देतो आणि गाडीखाली निजायला सांगतो. आसावरची माती खरवड, पट्ट्या सैल करून त्यांच्या आत पाहा, नळीला चुंबक लावून ती पोलादाची की तांब्याची ते ठरव, रबरी नळी वाकवून पाहा, आणि तेल शेवटचे कधी बदलले ते विचार. दर वर्षी पाऊस सरला की, दसऱ्याच्या सुमारास, हे पुन्हा कर. काहीजण हसून निघून जातात. काहीजण कपडे मळवून, हातात मातीचा एखादा गोळा घेऊन बाहेर येतात. त्यांना मी रंगाविषयीही सांगतो.